एमएसच्या रुग्णाची विचारशक्तीही तपासली जावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजाराची माहिती देणारा लेख नुकताच वाचला. या आजाराबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही, त्यामुळे तो छापल्याबद्दल प्रथम आपले आभार मानते. एका डोळ्याची दृष्टी अचानक अंधूक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, लघवीवरचे नियंत्रण सुटणे, थोड्याशा कामाने गळून जाणे ही सारी लक्षणे लेखात नीट सांगितली आहेत. मात्र ‘हा आजार शरीराचा आहे, रुग्णाची बुद्धी शाबूत राहते’ या अर्थाचे एक वाक्य त्यात आहे आणि ते वाचून मी अस्वस्थ झाले. रुग्णांना धीर देण्यासाठीच ते लिहिले गेले असणार, याविषयी मला शंका नाही. पण ते बरोबर नाही, आणि या गैरसमजाची किंमत रुग्णाला घरात आणि नोकरीत रोज मोजावी लागते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार होऊन १४ वर्षे झाली. ती भाषांतराचे काम करते. सुरुवातीला एका डोळ्याची दृष्टी गेली होती, ती स्टिरॉइडच्या उपचाराने परत आली. पुढे एकदा पाय बधिर झाला, तोही बराचसा सुधारला. आज ती काठीशिवाय चालते, जिने चढते, आणि भेटणारा प्रत्येक जण ‘तुला पाहून काही झालंय असं वाटतच नाही’ असे तिला सांगतो. परंतु गेल्या काही वर्षांत जे पान ती तासाभरात संपवत असे, त्याला तिला तीन तास लागू लागले. चार माणसे एकत्र बोलत असली की ती गप्प बसू लागली. तिला काही विचारले की ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राही आणि उत्तर येईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. उत्तर मात्र जवळजवळ नेहमीच बरोबर असे. ‘ताई, मला माहीत असतं गं, पण तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो,’ असे ती मला एकदा म्हणाली. एवढे नेमके वर्णन मी नंतर वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात मला सापडले नाही. त्याआधी मात्र मीसुद्धा तिला ‘जरा मनावर घेत जा’ असे ऐकवले होते, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

डॉक्टरांना आम्ही हे सांगत नव्हतो असे नाही. दर तपासणीला सांगत होतो, आणि दर वेळी एमआरआयच्या फिल्म पाहून ‘नवा डाग दिसत नाही, आजार स्थिर आहे’ असेच उत्तर मिळत होते. त्या उत्तरात खोटे काही नव्हते, परंतु प्रश्न डागांच्या संख्येचा नव्हताच. डाग आणि विचारशक्ती यांचा संबंध नेमका कसा आहे हे आम्हाला कोणी तरी बसून समजावायला हवे होते. ते आम्ही पुढे बऱ्याच उशिरा, बरीच वणवण करून समजून घेतले.

मेंदूतील मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते. हे वेष्टण सलग नसते. त्यात ठरावीक अंतरावर उघड्या जागा असतात आणि विद्युतसंदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर जणू उड्या मारत जातो. त्यामुळेच वेष्टण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंतच्या वेगाने धावू शकतो, तर वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत हा वेग सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर असतो. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा या मायलिनवर हल्ला करते. जिथे हल्ला होतो तिथे मायलिन झडते, काही तंतू तुटतात, आणि मागे जो वण राहतो त्याला डॉक्टर लिजन म्हणतात आणि आपण डाग किंवा चट्टा म्हणतो. अशा चट्ट्यातून जाणारा संदेश एक तर रेंगाळतो, नाहीतर अर्ध्या वाटेत विरून जातो.

चट्टा मणक्यातील मज्जारज्जूत पडला तर त्याचा परिणाम लगेच लक्षात येतो, कारण तिथे हातापायांकडे जाणारे सगळे तंतू एका अरुंद वाटेत दाटीने बसलेले असतात आणि छोट्याशा चट्ट्यानेही पाय लुळा पडू शकतो. विचाराचे तसे नाही. एखादे वाक्य ऐकून त्याचा अर्थ लावायचा, त्यातला महत्त्वाचा शब्द मनात धरून ठेवायचा, आधी काय बोलणे झाले होते ते आठवायचे आणि उत्तराची जुळणी करायची, यासाठी मेंदूच्या दूरदूरच्या भागांना एकमेकांशी सतत देवाणघेवाण करावी लागते. ही देवाणघेवाण ज्या लांब पल्ल्याच्या तंतूंमधून होते, ते मेंदूच्या आतील पोकळ्यांच्या कडेने आणि दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझम नावाच्या जाड पट्ट्यातून जातात, आणि एमएसचे चट्टे नेमके याच ठिकाणी जास्त आढळतात. एकेका चट्ट्याने होणारा उशीर अगदी क्षुल्लक असेल, परंतु एका विचारात अशा किती फेऱ्या होतात याचा हिशेब केला की सगळा उशीर साचून केवढा होत असेल याची कल्पना येते. या आजारात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त रुग्णांमध्ये विचारांचा वेगच मंदावतो, तो बहुधा यामुळेच. त्याखालोखाल नवीन गोष्ट लक्षात ठेवणे, लक्ष टिकवणे, कामाचे नियोजन करणे आणि डोळ्यांनी पाहिलेली रचना ध्यानात ठेवणे यांवर परिणाम होतो.

यात नवे असे काहीच नाही, याचे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. १८६८ मध्ये पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराचे जे वर्णन केले, त्या काळातील त्यांच्या व्याख्यानांमध्येच या रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते आणि कल्पना मनात सावकाश आकार घेतात, हे निरीक्षण आहे. त्यानंतरची कित्येक दशके वैद्यकाचे लक्ष रुग्णाच्या पायांवरच खिळून राहिले. १९९१ मध्ये अमेरिकेत स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयाबाहेर, आपापल्या घरी राहणाऱ्या १०० रुग्णांच्या सविस्तर चाचण्या घेऊन त्यांची तुलना १०० निरोगी व्यक्तींशी केली, तेव्हा सुमारे ४३ टक्के रुग्णांमध्ये आकलनाची कमतरता आढळली. त्यानंतरच्या अभ्यासांमध्ये हे प्रमाण साधारणपणे ४० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान येत राहिले आहे. म्हणजे ‘बुद्धी शाबूत राहते’ हे वाक्य जवळजवळ अर्ध्या रुग्णांच्या बाबतीत लागू पडत नाही.

आता एमआरआयबद्दल. चट्टे जितके जास्त तितकी विचारशक्ती कमी, असे सरळ गणित असेल असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते. प्रत्यक्षात चट्ट्यांची संख्या किंवा त्यांचे एकूण आकारमान आणि आकलनाच्या चाचण्यांतील गुण यांचा संबंध आहे, पण तो मध्यमच आहे. फिल्मवर मोजकेच डाग दिसणारा रुग्ण चाचणीत फार मागे पडतो आणि डागांनी भरलेला मेंदू असलेला रुग्ण नेहमीप्रमाणे कामावर जातो, असे घडते. या विसंगतीची जी कारणे पुढे आली आहेत, ती प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांनी समजून घ्यावीत अशी आहेत. एक तर नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या आतील पांढऱ्या भागातले चट्टे स्पष्ट दिसतात, परंतु बाहेरच्या करड्या थरातले, म्हणजे कॉर्टेक्समधले, बहुतेक चट्टे दिसतच नाहीत. विशेष प्रकारच्या प्रतिमा घेतल्या किंवा ७ टेस्लासारखे शक्तिशाली यंत्र वापरले तर त्यांतले काही दिसू लागतात. मृत्यूनंतर मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली की ते त्याहूनही पुष्कळ असल्याचे आढळते. आणि आकलनाशी या कॉर्टेक्समधल्या चट्ट्यांचे नाते जवळचे आहे. हिप्पोकॅम्पस या भागालाही आजाराची झळ पोचते आणि तिथे हानी झाली की नवीन माहिती लक्षात ठेवणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट आकसण्याची. वयाप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाचा मेंदूही वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के या गतीने आकसतो. उपचार न घेतलेल्या एमएसच्या रुग्णात ही गती वर्षाला ०.५ ते १.३ टक्क्यांपर्यंत असू शकते. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस हा भाग लवकर आकसू लागतो. मेंदूच्या जवळजवळ सगळ्या भागांचे दळणवळण त्याच्याशी जोडलेले असल्यामुळे, दूरवरच्या चट्ट्यांनी तुटलेल्या तंतूंचा फटकाही अखेर त्यालाच बसतो. थॅलॅमसचे घटलेले आकारमान आणि मंदावलेला विचार यांचा संबंध अनेक अभ्यासांत ठळकपणे दिसला आहे. ‘नवा डाग नाही’ असे सांगणाऱ्या अहवालात या आकसण्याचा उल्लेख बहुधा नसतोच, कारण ते नुसत्या नजरेने एका वर्षात कळण्यासारखे नसते.

तिसरे कारण समजले तेव्हा माझ्या बहिणीचे कोडे मला उलगडले. शिक्षण, वाचन, बुद्धीला चालना देणारे काम यांमुळे मेंदूजवळ एक प्रकारची शिल्लक जमा झालेली असते. एक वाट बंद झाली की असा मेंदू दुसरी वाट शोधतो आणि तेवढीच हानी झालेल्या दुसऱ्या एखाद्या माणसापेक्षा जास्त काळ तग धरतो. तिने दहा वर्षे या शिल्लकीवर काढली असावीत. त्या काळात हानी होत नव्हती असे नाही, फक्त ती आम्हाला दिसत नव्हती. म्हणूनच घसरण जाणवली तेव्हा ती अचानक आल्यासारखी वाटली.

मग मोजायचे कसे? त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. एका कागदाच्या वरच्या ओळीत नऊ चिन्हे छापलेली असतात आणि प्रत्येक चिन्हाखाली १ ते ९ यांपैकी एक आकडा असतो. खाली तीच चिन्हे उलटसुलट क्रमाने ओळींमागून ओळी मांडलेली असतात, आणि रुग्णाने वरची ओळ पाहून प्रत्येक चिन्हाचा आकडा तोंडाने सांगत जायचे असते. वेळ ९० सेकंदांची. आकडे तोंडी सांगायचे असल्यामुळे हातात अशक्तपणा असला तरी निकालात बाधा येत नाही. सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट असे तिचे नाव आहे. बहिणीची ही चाचणी झाली तेव्हा मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. ती एकेका चिन्हावर बोट ठेवत होती, मान वर करून आकडा शोधत होती, पुन्हा खाली येत होती, आणि दर वेळी खाली आल्यावर आपण कोणत्या चिन्हावर होतो हे तिला क्षणभर धुंडाळावे लागत होते. तिने एकही आकडा चुकीचा सांगितला नाही. वेळ संपल्याचे सांगितले गेले तेव्हा कागदाचा बराच मोठा भाग उरला होता. चौदा वर्षांत काढलेल्या सगळ्या फिल्म एकीकडे आणि तो दीड मिनिटाचा कागद एकीकडे. तिच्या रोजच्या दिवसाचे खरे चित्र मला त्या कागदावर दिसले.

दुःख एवढेच की तुलना करायला जुना आकडा हाताशी नव्हता. या चाचणीत आधीच्यापेक्षा ४ गुणांची घट झाली तर तिचा गांभीर्याने विचार करावा, असे तज्ज्ञ मानतात, पण घट ठरवण्यासाठी आधीची नोंद असावी लागते. निदान झाल्यावर लवकरात लवकर एकदा आणि त्यानंतर दर वर्षी एकदा ही किंवा अशीच चाचणी घ्यावी, आणि ८ वर्षांवरील मुलांचीही घ्यावी, अशी शिफारस २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. त्याहून थोडी विस्तृत, शब्द आणि आकृत्या लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांची जोड दिलेली साधारण १५ मिनिटांची तपासणी २०१२ पासून उपलब्ध आहे. उलट रुग्णाची स्थिती ठरवण्यासाठी जगभर वापरला जाणारा इडीएसएस हा ० ते १० अंकांचा मापदंड, जो जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये आजच्या रूपात मांडला, तो ४ या अंकानंतर मुख्यतः रुग्ण किती अंतर चालू शकतो यावरच पुढे सरकतो. विचारशक्तीला त्यात अगदीच थोडे स्थान आहे. त्यामुळे या मापदंडावर २ अंकाची, म्हणजे अगदी सौम्य आजाराची, व्यक्ती नोकरी टिकवू शकत नाही आणि तिला होणारा त्रास कोणत्याच कागदावर उमटत नाही. अशा व्यक्तीला कामात सवलत मागताना किती अवघडल्यासारखे होते, ते मी जवळून पाहिले आहे.

चाचणीत गुण कमी आले म्हणजे सगळे चट्ट्यांमुळेच झाले, असेही मानू नये. नैराश्य, अपुरी झोप, वेदना आणि या आजारातला विशिष्ट थकवा यांनीही विचार मंदावतो, आणि लघवीच्या तक्रारीसाठी किंवा स्नायूंच्या ताठरपणासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनीही गुंगी येते. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज करता येत असल्यामुळे त्या आधी तपासायला हव्यात. पण एमएसच्या रुग्णांमध्ये नैराश्य इतके जास्त आढळते की ‘तिला डिप्रेशन आहे’ असे म्हणून पुढची तपासणीच थांबवणेही सोपे होऊन बसते, आणि तसे होऊ नये असे मला कळकळीने म्हणावेसे वाटते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात.

लेखकाला जो धीर द्यायचा होता, तो सत्य सांगूनही देता येतो. एमएसमधला हा बदल म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश नव्हे. भाषा बहुधा चांगली टिकते, जुन्या आठवणी टिकतात, माणसांची ओळख टिकते, आणि सर्व क्षमता ढासळण्याची अवस्था फार थोड्या रुग्णांच्या वाट्याला येते. स्मरणातील अडचणही बऱ्याचदा विसरण्याची नसून मुळात नीट न ठसण्याची असते. एखादी यादी पाठ करायला या रुग्णांना जास्त आवर्तने लागतात, परंतु एकदा ती पक्की बसली की नंतर आठवताना ते इतरांच्या फारसे मागे पडत नाहीत. हे समजल्यापासून आम्ही घरी दोन सवयी लावून घेतल्या. महत्त्वाची गोष्ट तिला टीव्ही बंद करून सांगायची आणि तिने ती एकदा आपल्या शब्दांत परत सांगायची. दुसरी सवय अंगी बाणवणे आम्हाला अवघड गेले: तिला काही विचारले की मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे आणि तिचे वाक्य आपण पुरे करायचे नाही. पहिल्या आठवड्यात मी रोज चुकत होते. सहाव्या-सातव्या आकड्याला तिचे उत्तर येते.

उपचारांविषयी अवास्तव आशा दाखवू नये. आकलन सुधारण्यासाठी म्हणून खात्रीने देता येईल असे औषध आज नाही. अल्झायमरसाठी वापरले जाणारे डोनेपेझिल एका लहान चाचणीत आशादायक वाटले होते, पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. मात्र आजाराला आळा घालणारी औषधे नवे चट्टे पडण्याचे प्रमाण कमी करतात आणि त्यांतील काही मेंदूचे आकसणेही मंदावतात, म्हणून ती लवकर सुरू करण्याला आकलनाच्या दृष्टीनेही अर्थ आहे. शिकायची गोष्ट चित्र किंवा कथेत गुंफून लक्षात ठेवण्याच्या प्रशिक्षणाने नवीन शिकणे सुधारल्याचे नियंत्रित अभ्यासांत दिसले आहे. असे प्रशिक्षण देऊ शकणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे रुग्णाला पाठवायचे, तर आधी त्याची अडचण नोंदवली गेली पाहिजे, आणि नोंदवण्यासाठी ती मोजली गेली पाहिजे.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. लेखातील त्या एका वाक्याची दुरुस्ती आपण त्याच पानावर छापावी, कारण ज्या घरी ते कापून ठेवले गेले असेल तिथे एखाद्या रुग्णाला आता ‘पेपरात तर लिहिलंय बुद्धीला काही होत नाही’ असे ऐकावे लागत असेल. आणि मेंदूविकारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांना एकत्र बोलावून केवळ या विषयावर एक लेख आपण लिहून घ्यावा, ज्यात ही चाचणी कोण घेते, तिचा निकाल कसा वाचायचा आणि तो दाखवून कामाच्या ठिकाणी काय मागता येते, हे सर्व सविस्तर असेल. एमएस बहुतेकांना २० ते ४० या वयात गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दुपटीहून अधिक आढळतो. कामाचा आणि संसाराचा भार ज्या वयात सर्वाधिक असतो, त्याच वयात या प्रश्नांची उत्तरे हवी असतात.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी बहिणीला वाचायला दिले होते. तिच्याबद्दलचा मजकूर छापायला तिची संमती आहे. तिने दोन ठिकाणी शब्द बदलले. त्यासाठी तिला एक पूर्ण संध्याकाळ लागली, आणि दोन्ही दुरुस्त्या मी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मोठी बहीण
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)